आधी शिंगं

मुलांनो, अलास्कातली एक नदी डोळ्यांपुढे आणा. सुटे भाग मागवून घरीच जोडलेलं नवंकोरं विमान बाहेरून आलेल्या डेल या शिकाऱ्यानं तिच्या काठच्या वाळूवर उभं केलंय. पंखाखाली मूस हरणाची भलीमोठी शिंगं बांधलीत. मूस मात्र शेजारीच पडलाय, माश्यांनी काळा झालेला. इथले मूळ रहिवासी एफिम आजोबा नातीला घेऊन तिथं आलेत.

"टर्बाइन इंजिन आहे, आजोबा!" डेल म्हणाला. " तुमच्या स्टोव्हमधल्या रॉकेलवरही उडेल. पाचशे किलो सहज उचलतं."

एफिम आजोबा म्हणाले, "आमच्यात आधी मांस नेतात, शिंगं शेवटी. एवढ्या मांसात आमचं घर अख्खा हिवाळा जेवतं. मांस का नाही भरलंस?"

"छे! सीटला डाग पडतील."

नात मार्फानं सुरी काढली.



तिनं मूसच्या रक्त गळणाऱ्या बरगड्या कापून ओढत आणल्या आणि त्याच्या सीटवर नीट मांडून ठेवल्या.