एकही ओरखडा नाही

आईला वृद्धाश्रमात ठेवून महिना झाला, तरी लेकीच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची थांबत नव्हती. म्हणून आज आल्या आल्या तिनं आईच्या खोलीचा कोपरान् कोपरा तपासला. चादर स्वच्छ, खिडकी लख्ख. दरवाजाला आतून दिलेला निळा, मऊ प्लास्टिकचा थर तर कालच चढवल्यासारखा दिसत होता.

"तीन वर्षं झाली त्याला," मॅनेजरबाई कौतुकानं म्हणाल्या आणि त्यांनी किल्लीनं दरवाजावर चांगली लांब रेघ ओढली. "आता गंमत बघा." रेघेवर त्यांनी तळवा दाबून धरला. हात काढला तेव्हा रेघ गायब. "यातल्या रेणूंच्या कड्या सुटल्या तरी ऊब मिळाली की परत जुळतात. अगदीच जुना झाला, तर वितळवायचा आणि पुन्हा नवा ओतायचा. आमच्याकडे एकाही दरवाजावर ओरखडा सापडणार नाही तुम्हाला."

"आणि कडी बाहेरून का?"

"भटकतात हो म्हातारी माणसं. त्यांच्याच भल्यासाठी."

लेकीचा जीव भांड्यात पडला. मॅनेजरबाई गेल्यावर पर्समधलं नेलकटर काढून ती आईजवळ बसली.

आईनं मुठी घट्ट आवळल्या. "नखं नको कापूस गं. राहू दे, कामाची आहेत."

"या वयात नखांचं कसलं गं काम?" हसत हसत लेकीनं तिचं एकेक बोट सोडवलं.



दहाही नखांखाली दरवाजाचं निळं प्लास्टिक गच्च भरलं होतं.