पेटीमागचं भोक

दादा घराच्या तळमजल्यावर स्पीकर बनवायचा. पेटी पावाएवढी, पण खर्ज असा की वरच्या मजल्यावर तापाने फणफणलेल्या आईचा पलंग थरथरायचा. शेवटी धाकटी बहीण संतापून खाली आली.

"आईचा डोळ्याला डोळा लागत नाहीये. बंद कर ते."

"कधीच बंद केलंय." दादाने सुटी वायर दाखवली. ठोके मात्र चालूच होते.

"मला मूर्ख समजतोस?" तिचं डोकंच फिरलं. पेटीच्या मागच्या भोकातून आतली हवा बाहेर ढकलली जाते, त्यानेच एवढ्याशा पेटीत खर्ज भरतो, हे तिने त्याच्याकडून शंभरदा ऐकलं होतं. तिने त्या भोकावर रागाने तळवा दाबला.

ठोके थांबले.

"झालं ना बंद?" ती म्हणाली आणि हात ओढू लागली. "दादा, हात निघत नाहीये. आत ओढतंय."

"नाटकं पुरे," तो खेकसला. तरी त्याने घाईघाईने पुढचे स्क्रू काढले आणि स्पीकर उपसला. पेटी रिकामी होती. ती अजून मागून हात ओढतच होती. त्याने वाकून आत पाहिलं. मागच्या भोकातून पलीकडची उन्हाने भरलेली खिडकी स्वच्छ दिसत होती.

"हात कुठे आहे तुझा?" त्याने विचारलं.