जावईबापूंचं कर्तव्य

"जावईबापू, डॉक्टरनं अशा वेळी पाठ फिरवणं गुन्हा आहे!" होणारे सासरे वकील होते. भर मांडवात त्यांचा कोर्टातला आवाज लागला होता.

"अहो, पण मी दातांचा डॉक्टर आहे!" मुंडावळ्या मागे सारत उन्मेष म्हणाला.

"कायदा दात-बीत बघत नाही. आत चला!"

चौथं मंगलाष्टक चालू असतानाच नवरीच्या मामेबहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. ॲम्ब्युलन्स वाटेत अडकली होती आणि बाळाला धीर नव्हता. भटजींच्या हातातला अंतरपाट ओढून घेत उन्मेष नवरीच्या खोलीत धावला. तोवर तिच्या मावशींनी बाळंतपण उरकलंही होतं. त्यांनी बाळ अंतरपाटात ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "रडत नाहीये हो. बघा काहीतरी."

उन्मेषला कॉलेजातलं एवढंच आठवलं, की बाळ कोरडं करायचं आणि पाठ चोळायची. अंतरपाटानं त्यानं ती इवलीशी पाठ चोळली. पुन्हा चोळली. काहीच नाही. मग त्याचं डोकंच चालेना आणि रोजच्या सवयीनं तोंडून निघून गेलं, "आ करा... अजून मोठा..."

बाळानं असा टाहो फोडला, की बाहेर वऱ्हाडानं अक्षता उधळल्या आणि बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली.

उन्मेषनं बाळाला अंतरपाटात गुंडाळलं. सांगितल्यासरशी इतका मोठा आ आजवर त्याच्या एकाही पेशंटनं केला नव्हता.