तळहातावरची शार्दोने

ताट समोर आलं तेव्हा वामनमामा अवघडून बसले होते. भाचीने स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची केलेली पहिली वाइन आज चाखायची होती. त्यासाठी मामांनी जाडजूड पुस्तकं वाचली होती, तरी आपल्याला धड काही सांगता येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

"पिनो न्वार छान उतरलीय," लाल वाइनचा ग्लास पुढे सरकवत यामिनी म्हणाली. "पण ही पांढरी शार्दोने मुकीच आहे रे मामा. वासच नाही तिला. आणि दुपारी हॉटेलवाले चाखायला येतायत."

मामा गडबडले. गारव्याने धुकं धरलेला दुसरा ग्लास त्यांनी उचलला, पाणी समजून सवयीने तळहातावर थोडं घेतलं आणि डोळे मिटून ताटाभोवती फिरवलं.

"मामा, अरे ती शार्दोने आहे!"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओला हात कुठे लपवावा कळेना. तो नाकाजवळून गेला आणि ते थबकले.

"पिकलेली नासपती," ते पुटपुटले. मग चक्क ओरडलेच, "यामिनी, आणि भाजलेले काजू!"

तिने त्यांचा हात ओढून हुंगला, मग बर्फात रुतवलेल्या बाटल्यांकडे पाहिलं.

"गारठून गप्प बसली होती ही! तुझ्या हाताची ऊब मिळाली आणि बोलायला लागली!" ती भराभर बाटल्या बाहेर काढू लागली. "हॉटेलवाल्यांसमोर तूच बसायचंस हं!"

"मी?" म्हणत मामांनी लाल ग्लास उचलला आणि या वेळी मुद्दाम थोडी वाइन तळहातावर ओतली. "थांब, हिचं काय म्हणणं आहे ते ऐकू दे."