बुधवारची चिठ्ठी

"आपल्याले एक शब्द बोलला असता, तर सगळे धावून गेलो असतो," प्रभाकर सर म्हणाले.

मुकुंदला माती देऊन प्रार्थनेच्या घरगटाची सहा माणसं पांढुर्ण्यात रजनीच्या ओसरीवर बसली होती. सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवायला काय लागतं! रविवारी चर्चमध्ये शंभर माणसं, तिथे कोण कोणाला विचारतो? पण हा गट म्हणजे घरच, असं सगळे म्हणत. सगळ्यांत मोठ्याने मुकुंद म्हणे. त्याला दुसरं होतंच कोण?

गटाची रीत साधी. दर बुधवारी प्रत्येकाने आपली गरज चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायची. मग एकेक उचलायची, आणि जी हाती येईल तिच्यासाठी आठवडाभर प्रार्थना करायची. ती दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही. देवकाबाई रीतीला पक्क्या. आपली चिठ्ठी घरूनच लिहिलेली आणत. हाती आलेली कपाळाला लावून बटव्यात ठेवत. बायबल वाचायची पाळी आली की मात्र त्यांचा चष्मा नेमका घरी राहिलेला असे, आणि सगळे हसत.

"शुक्रवारी मी त्याले स्टेशनवर पाह्यलं," रोहित म्हणाला. "थैली घेऊन बाकावर बसून होता. नागपूरच्या दोन गाड्या गेल्या, हा चढलाच नाई. म्हटलं, कोणाची वाट पाहून राहिला असन."

"मंग इचारायचं तरी!" रजनी म्हणाली.

"पार्सल सोडवायच्या घाईत होतो न मी."

सोमवारी मुकुंदचं हृदय बंद पडलं. घरात एकटाच होता.

प्रार्थना झाली, चहा झाला, माणसं पांगली. देवकाबाई मात्र उठल्या नाहीत.

"रजनी, या खेपेची चिठ्ठी चार ओळी भरून होती. कोणाचं तरी मोठं दुखणं असन, म्हणून रोज पहाटे हातात धरून देवापाशी रडली मी."

"काय लिहिलं होतं?"

देवकाबाईंनी बटवा सोडला. "चार वर्षं झाली गटात, कोणाले सांगतलं नाई. लाज वाटे. मले वाचता येत नाई, माय."

रजनीने घडी उलगडली. अक्षर ओळखीचं होतं.

'शुक्रवारी नागपूरला हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. एकट्याने जायची हिंमत होत नाही. ज्याला ही चिठ्ठी मिळेल, त्याने सोबत यावं. मी सकाळी सातपासून स्टेशनवर बसतो. – मुकुंद'