गुरुजींची शेवटची मुद्रा

"शुद्धीवर आहेत, पण फार वेळ नाही," डॉक्टर म्हणाले. "काय विचारायचं ते विचारून घ्या."

खाटेपाशी तिघं होती. भगव्या कपड्यातले स्वामी, पिवळ्या चिवरातले भंते आणि बालवाडीतल्या बाई. पहिले दोघं गुरुजींचे तीस वर्षांपासूनचे शिष्य. बाई त्यांची मुलगी. त्या सहा वर्षांच्या असताना गुरुजी घर सोडून निघाले, ते आज पुन्हा दिसत होते.

बाईंना एकच विचारायचं होतं. बाबा, डोळे मिटून बसलात की मी कधी दिसले का हो? सेहेचाळीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न आज ओठावर आला, तर बाईंनी काय करावं? सवयीनं बाजूला सरकल्या. "आधी तुमचं होऊ द्या. मी काय, घरचीच." जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना आधी पाणी, आधी झोपाळा, आधी खाऊ, अशा माणसाला स्वतःचा नंबर लावताच येत नाही. त्या दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

शिष्यांचा प्रश्न मोठा होता, म्हणजे त्यांच्या मते. ध्यानाला बसण्याआधी सगळे एकेक नाव घेत गुरुपरंपरा म्हणायचे. स्वतःच्या गुरूच्या नावापाशी आले की गुरुजी मात्र गप्प, नुसते हात जोडायचे. त्या रिकाम्या जागी स्वामींची माणसं एका योग्याचं नाव घेत आणि भंतेंची एका भिक्खूचं. गुरुजी शिकले होते दोघांकडेही. आता जे नाव ठरेल त्या बाजूची गादी. त्यामुळे स्वामी आणि भंतेंमधून विस्तव जात नव्हता.

"गुरुजी, तुम्ही आम्हाला दिलीत ती समाधी. योग्यांकडून आलेली," स्वामी वाकून म्हणाले. "नुसती मान हलवा."

"समाधीत भागलं असतं तर भिक्खूंपाशी सात वर्षं कशाला बसले असते?" भंते म्हणाले. "ती विपश्यना आहे."

"आणि त्याआधी चित्त स्थिर कुणी केलं?"

"चित्त स्थिर झालं म्हणजे सुटका झाली असं नाही, स्वामी."

शब्दाला शब्द वाढत गेला. गावोगाव लोकांना श्वासाकडे बघायला शिकवणारी ही माणसं, पण समोरच्या म्हाताऱ्याचा श्वास लागलाय हे काही त्यांना दिसेना. बाई खुर्चीच्या कडेवर आल्या. मेलं ते शास्त्र, त्यांच्या मनात आलं, आणि मेला माझा भिडस्त स्वभाव.

तेवढ्यात गुरुजींनी डोळे उघडले. उजवा हात पांघरुणातून थोडा वर आला. चार बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. दोन शिष्यांच्या मधल्या फटीतून ते दाराकडे बघत होते.

"निर्विकल्प समाधीची मुद्रा," स्वामी कुजबुजले.

"चौथ्या ध्यानाची," भंते म्हणाले. "भिक्खू अशीच दाखवायचे."

बाईंना ती खूण कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिवसातून शंभरदा त्या पोरांना अशाच बोलवत. त्या उठल्या. "सरका जरा. मला बोलवतायत ते."

"ताई, एक क्षण," म्हणत स्वामींनी हात आडवा धरला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच भंतेंनी त्यांना साथ दिली. दोघांना ढकलून बाई खाटेशी पोचल्या तोवर हात खाली पडला होता. त्यांनी तो उचलून आपल्या हातात घेतला. "बाबा, आले मी." डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मग घड्याळ पाहिलं. बाई तिथेच खाली बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या.

तिसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर, पिशवी घेऊन त्या निघाल्या. अंगणात मधे वाट सोडून शिष्य ध्यानाला बसले होते, डावीकडे भगवे, उजवीकडे पिवळे. परंपरेतल्या नावाचा वाद मिटला नव्हता, पण गुरुजींची शेवटची मुद्रा दोन्हीकडच्यांनी उचलली होती. दोनशे माणसं, डोळे मिटलेले, उजवा हात किंचित वर, चार बोटं मिटतायत, उघडतायत.

बाई मधल्या वाटेनं फाटकाकडे चालू लागल्या. दोन्ही बाजूंचे हात त्यांना बोलवत राहिले.