सेनापतीचे डोळे

"दिसत असेल तर मार, नसेल तर पुढची खेळी कर," निरंजन म्हणाला. त्याचा बोटाएवढा सेनापती टेबलावरच्या पडक्या किल्ल्याच्या खिडकीआड उभा होता. आमच्या खेळात सैनिकाला समोरचा दिसला, तरच बाण सोडता येतो.

मी गुडघ्यांवर बसलो, गाल टेबलाला लावला आणि माझ्या तिरंदाजाच्या डोक्यामागून पाहिलं. तिरंदाजाला डोळे नव्हते. माझ्या एकाही सैनिकाला नाहीत. ते सगळे ऋजुतानं, माझ्या बायकोनं रंगवलेत. "एवढ्याशा बाहुल्यांना कुठे डोळे काढत बसू?" असं ती दरवेळी म्हणते, आणि मी मुकाट्यानं आंधळी फौज घेऊन खेळतो.

खिडकीतून सेनापती स्पष्ट दिसत होता. त्याच्या झग्याला मोरपंखी नेलपॉलिशची चमक होती. आणि त्याला डोळे होते. काळेभोर, पापण्यांसकट, बुबुळात सुईच्या टोकानं ठेवलेला पांढरा ठिपका. एवढं काम एका बैठकीत होत नाही.

"दिसतोय का?" निरंजननं विचारलं.

"पापण्यांसकट," मी म्हणालो आणि मान वर केली.

निरंजनच्या खुर्चीमागे उभ्या ऋजुतानं मोरपंखी नखं मुठीत मिटून घेतली.